ताशी शंभर, तिसरा मजला

२२ मार्च, शनिवार

आजपासून रोजनिशी. कारण पूर्णपणे टेक्निकल. मशीन बनवणाऱ्या माणसाने नोंदी ठेवायच्या असतात. उद्या कोणी विचारलं की बाबा, हा ट्रक बनवलास कसा, तर तारीखवार दाखवता आलं पाहिजे. खासगी गोष्टी इथे लिहायच्या नाहीत.

प्राची आज निळ्या ड्रेसमध्ये होती.

प्रोजेक्ट: रिमोटवर चालणारा ट्रक. पोरांचा नव्हे. हातभर लांब, चारही चाकांना पॉवर, लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ब्रशलेस मोटर. टार्गेट ताशी शंभर किलोमीटर. दुकानातले रेडीमेड ट्रक साठला जीव टाकतात, कारण आतले गिअर प्लास्टिकचे. माझे गिअर, शाफ्ट सगळं कस्टम. स्वतःचं डिझाइन.

नानांना (वडील) सांगितलं. ते म्हणाले, कॉलेजचं डिझाइन अर्धं टाकून आलास ते आधी बघ. मेकॅनिकलचं दुसरं वर्ष मी तत्त्वासाठी सोडलं. सर गिअर रेशो उलटा शिकवत होते. मी वर्गात उभं राहून सांगितलं. सरांनी पुस्तक उघडून दाखवलं, तर पुस्तकातही उलटाच छापलेला. अशा ठिकाणी माणूस काय शिकणार.

ठराव: राग कमी करणे. लवकर उठणे. ट्रक पूर्ण झाल्यावरच प्राचीशी बोलणे. अर्धवट माणूस म्हणून तिच्यासमोर जायचं नाही.

२३ मार्च

उशिरा उठलो. झोपेतही डोकं डिझाइन करत होतं, त्यामुळे ती झोप धरता येणार नाही.

२५ मार्च, संध्याकाळ

प्राची ऑफिसातून आली. (आमच्या खोलीपासून चौथी खोली. लोअर परळला काचेच्या बिल्डिंगमध्ये कामाला. गळ्यात कार्ड असतं.) मी मुद्दाम गॅलरीत चेसिस (ट्रकचा सांगाडा) घेऊन बसलो होतो. ती थांबली. चप्पल काढायच्या आधी थांबली, हे महत्त्वाचं.

म्हणाली, काय बनवतोयस रे?

मी म्हटलं, शंभर.

ती म्हणाली, शंभर काय?

मी समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बरं, आणि हळू किती चालतो? म्हणजे एकदम हळू. मिरवणूक चालते तसा.

मी म्हटलं, हळू कोणीही चालतं.

ती हसली आणि गेली. रात्री जेवताना लक्षात आलं. तिला माझी काळजी वाटते. वेगाने जाऊन मला काही होऊ नये म्हणून. मी ट्रकमध्ये बसणार नाहीये हे तिला माहीत आहे, तरी. काळजी अशीच असते.

३० मार्च, पाडवा

डोकं गरम. तारखेसकट लिहून ठेवतो.

सकाळी गुढी उभारून झाली आणि चाळीत बिल्डरची माणसं आली. मला लगेच कळलं. मागच्या वर्षी एक आला होता तोही असाच, इस्त्रीचे कपडे आणि मिठाईचा बॉक्स. आज तिघं. एक म्हातारे गृहस्थ, त्यांची बायको आणि एक तरुण, कुर्त्यात. खाली उभं राहून अख्खी चाळ वर बघितली. गृहस्थांनी विचारलं बिल्डिंग किती जुनी. बाईंनी जिन्याच्या भिंतीवरची ओल बघून तोंड वाकडं केलं. मग सरळ प्राचीच्या घरात शिरले. साहजिक आहे. तिचे बाबा चाळ कमिटीचे सेक्रेटरी. रिडेव्हलपमेंटवाले आधी सेक्रेटरीला पकडतात.

तरुणाचं नाव अभय. प्राची त्याला गॅलरी दाखवायला घेऊन आली (तिला काय, घरच्यांनी सांगितलं असणार). माझ्या चेसिसपाशी थांबून हा म्हणतो, छान टॉय आहे.

टॉय.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, सत्तावीस एप्रिल, रविवार, शिवाजी पार्क, ताशी शंभर. हिंमत असेल तर बघायला या. चाळीतला माणूस काय करू शकतो ते बघा आणि मग चाळ पाडायच्या गोष्टी करा. शेवटचं वाक्य त्याला झोंबलं असावं, कारण तो गोंधळला. मग म्हणाला, नक्की येतो, भावा.

प्राची म्हणाली, सत्तावीसला? म्हणजे तीसच्या बुधवारपर्यंत एकदम पक्का होईल ना?

मी म्हटलं, त्याच्या आधीच. बुधवारी काय आहे हे विचारायचं राहिलं. राग आला की माझे कान बंद होतात. तो शारीरिक प्रॉब्लेम आहे.

रागाचा ठराव मोडला, पण कारण चाळीच्या हिताचं होतं. मोजायचा नाही.

श्रीखंड वाढताना आई म्हणाली, अरे, त्या प्राचीचा... मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे, मला शिकवू नको. आई म्हणाली, मेल्या, आयकान तरी घे. मी हात धुवायला उठलो.

३ एप्रिल

मसाला गल्लीत कुशाबांच्या वर्कशॉपला गेलो. कुशाबा डंख दुरुस्त करतात, म्हणजे मिरची-मसाला कुटायची ती लोखंडी मशीन. एप्रिल म्हणजे त्यांचा सीझन. अख्ख्या लालबागचा वर्षाचा मसाला याच महिन्यात कुटला जातो. तरी माझं ड्रॉइंग हातात घेतलं. उलटं धरलं, सुलटं धरलं, पुन्हा उलटं धरलं. म्हणाले, दाते बारीक आहेत, मोडतील. मजबूत करून देतो.

मी म्हटलं, ही प्रिसिजन आहे.

ते म्हणाले, असू दे ना, ती पण मजबूत करून देतो.

८ एप्रिल

गिअर मिळाले. एकेक खलबत्त्यातल्या बत्त्याएवढा जड. कुशाबांनी पुसून हातात दिले आणि म्हणाले, आयुष्यभर हलणार नाहीत.

खरं बोलले. बसवले, रिमोट दाबला, मोटर नुसती टिकटिक करत राहिली आणि मग जळका वास. गिअर जागचे हलले नाहीत. नाना पेपरमागून म्हणाले, शंभर झाले का?

तसाच वर्कशॉपला गेलो. रस्त्यात काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते सगळं बोललो. कुशाबांनी चहा पुढे केला. म्हणाले, आधी पी, थंड झाल्यावर मजा नाही, शिव्या थंड झाल्या तरी चालतात. वर म्हणे, अरे, डंखाला असेच लागतात, मला काय माहीत तुला पळवायचाय. म्हणजे मागच्या वेळी मी जे बोललो त्यातलं एक अक्षर त्यांनी ऐकलं नव्हतं. काही माणसांना ऐकायची सवयच नसते.

१२ एप्रिल

दुसरा सेट. भोकं पाडून हलके केलेले. धण्याचा वास येतो. चालेल.

उद्यापासून लवकर उठणे.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. समोरच्या चाळीत सकाळपासून गाणी आणि ढोल. सम्यक, माझा मित्र, त्याच चाळीतला, वंदना करून पांढऱ्या शर्टातच खिरीचा डबा घेऊन आला. सम्यकने डिप्लोमा पूर्ण केला आहे. त्याचा त्याला माज नाही, पण मला तो दिसतो.

गॅलरीत पहिली रन ठरवली. आमची गॅलरी म्हणजे मुंबईतला बेस्ट टेस्ट ट्रॅक. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, फक्त ड्रम आणि चपला हलवाव्या लागतात. लोक जमले. प्राची घरीच होती. तीही दारात आली. मागे अभय. सुट्टीच्या दिवशीही. हातात टेप घेऊन गॅलरीचा कठडा मोजत होता. मापं घ्यायला सुरुवात झालीसुद्धा. म्हणे लायटिंगच्या माळा किती लागतील ते बघतोय. कोणाला बनवतो.

रिमोट दाबला. ट्रकची पुढची चाकं पुढे फिरली आणि मागची चाकं मागे. ट्रक जागच्या जागी थरथरत उभा राहिला, पोटात कळ आल्यासारखा.

सम्यक जमिनीवर बसून हसला. म्हणाला, मागच्या चाकांच्या मधली गिअरची डबी उलटी बसवलीस, मयऱ्या. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी दोन्ही बाजूंचा ताण टेस्ट करत होतो. प्राची मात्र हसली नाही. म्हणाली, जागच्या जागी नाचतो हेपण छान आहे, पण सरळ चालव हां, गालिच्यावरून.

गालिचा कुठला? मग कळलं. टायरची ग्रिप. मऊ पृष्ठभागावर ग्रिप वेगळी असते. तिला टेक्निकल अंग आहे हे मला माहीत नव्हतं. आमचं चांगलं जमेल.

खाली उतरताना सम्यक म्हणाला, तुला प्राचीचं खरंच माहीत नाही? मी म्हटलं, जे माहीत असायला पाहिजे ते माहीत आहे. त्याने डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाला, खीर संपव.

१८ एप्रिल

ही नोंद शांत डोक्याने लिहितोय. घरात कोणी बोलत नसल्यामुळे शांतता आहे.

डबी सुलटी बसवली. चारही चाकं एका दिशेला. दुपारी गॅलरी रिकामी होती, म्हणून रन घेतली. ट्रक सुटला. काय सुटला. आवाज ऐकून अंगावर काटा आला. एवढ्यात गॅलरीच्या त्या टोकाला चादर दिसली. गच्चीवर जागा उरली नाही म्हणून बायकांनी मिरच्या तिथे पसरल्या होत्या. भाजून ठेवलेल्या. कुरकुरीत. अख्ख्या मजल्याच्या वर्षभराच्या.

ब्रेक दाबला होता. ब्रेकचा भाग अजून बनवलेला नाही, हे त्या क्षणी लक्षात नव्हतं.

ट्रक मिरच्यांत शिरला आणि चारही चाकं फिरत राहिली. कुशाबांच्या डंखालाही एवढी बारीक पूड जमत नसेल. त्यात मोटर थंड ठेवायला मी पंखा लावला आहे (माझं डिझाइन, उत्तम चालतो). पंख्याने ती पूड उचलली आणि मजलाभर वाटली.

सगळा मजला शिंकायला लागला. नाना तर माझ्या ट्रकसारखे, शिंकांना ब्रेकच नाही.

त्याच वेळी प्राचीच्या घरी बिल्डरची दोन म्हातारी माणसं बसली होती, पोह्यांच्या बशा हातात घेऊन. बाईंना शिंकांमागून शिंका. चष्मा पोह्यांत पडला. गृहस्थ त्यांना धरून जिन्याने उतरले. मिठाईचा बॉक्स तसाच राहिला. मी कठड्यावरून बघितलं, गाडीत बसेपर्यंत शिंकत होत्या.

खरं तर चाळीने मला हार घालायला पाहिजे होता. एवढ्या वर्षांत कुठल्या कमिटीला जमलं नाही ते मी एका रनमध्ये केलं. पण लोकांना मिरच्यांचं पडलेलं.

शेवंती काकू, प्राचीची आई, उंबऱ्यात बसून रडत होत्या. मी म्हटलं, काकू, डोळ्यांना पाणी लावा, चोळू नका. त्या जास्तच रडायला लागल्या. तिखट मिरची होती.

आईने माझं नाव टाकलं आहे. मालवणीत टाकलं आहे, त्यामुळे खरं.

१९ एप्रिल

प्राची बोलत नाही.

नवीन मिरच्या आणून मीच भाजल्या. दिवसभर. राग यायला फुरसत मिळाली नाही.

२० एप्रिल, रविवार

प्राची बोलली. स्वतःहून आली. म्हणाली, अभयची आई आता हसतेय त्यावर, सगळ्यांना फोन करकरून सांगतेय. तू वाचलास.

म्हणजे ते आई-वडील आहेत. फॅमिली फर्म.

मग तिने विचारलं, ट्रकवर सामान ठेवता येतं का? मी म्हटलं, पाच किलो टाक. ती म्हणाली, एवढं नको रे, एक छोटी डबी आणि थोडी फुलं.

फुलं, डबीत हळद-कुंकू. वाहनपूजा. पहिल्या मोठ्या रनआधी ट्रकची पूजा करायची तिच्या मनात आहे. आमच्या घरी नानांनी टू-व्हीलर घेतली तेव्हा आईलाही सुचलं नव्हतं.

तिने पुन्हा विचारलं, हळू चालतो ना? मी म्हटलं, तुझ्यासाठी काहीही. हे मी बोललो. मोठ्याने. ती म्हणाली, थँक यू, मयूर, तू ना खरंच. तू ना खरंच, आणि पुढे काहीच नाही. या वाक्याच्या शेवटी माणूस काय काय लावू शकतो.

२४ एप्रिल

फायनल ड्राइव्हट्रेन (मोटरपासून चाकांपर्यंतचे सगळे गिअर आणि शाफ्ट) बसवला. मोटरच्या टोकाला आता कुशाबांकडून करून घेतलेला सगळ्यात मोठा पिनियन आहे. हा गिअर जेवढा मोठा तेवढा टॉप स्पीड जास्त. मोटर इतकी तापते की आईने मिरच्यांचा राग विसरून पापड धरून बघितला. भाजला गेला.

सम्यकने हातात घेऊन बघितलं. म्हणाला, शंभरचं माहीत नाही, पण एवढा गिअर लावलास तर हा हळू चालणारच नाही. एकतर उभा राहील नाहीतर उडी मारेल. मधलं काही नाही.

मी म्हटलं, मधलं कोणाला हवंय.

तो म्हणाला, तिला.

मी म्हटलं, तुला बायकांच्या मनातलं कळत नाही. सम्यकचं मागच्या वर्षी लग्न झालं, पण तो विषय वेगळा.

२७ एप्रिल, सकाळ

शिवाजी पार्क. सगळं क्रमाने लिहितो.

तिथे सकाळी किती मॅच चालू असतात याला गणती नाही. एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या स्लिपमध्ये उभा. आम्हाला कडेची पट्टी मिळाली. सम्यकचा फोन ट्रकला टेपने बांधला, त्यात स्पीड मोजायचं ॲप. पूजा झाली नाही. प्राचीने फुलं आणली नव्हती, बहुतेक विसरली. ती आणि अभय एकाच स्कूटरवरून आले. हे लोक आधी घरातल्यांना आपलंसं करतात, मी वाचलं आहे.

रिमोट दाबला. ट्रक गेला. मला वर्णन करता येणार नाही आणि करायचंही नाही. जवळच्या दोन मॅच थांबल्या. मग तो डावीकडे ओढायला लागला. मी उजवीकडे वळवलं, तो डावीकडेच. डावीकडे टेनिस बॉलची मॅच. मिड-ऑफच्या माणसाने काही विचार न करता डाइव्ह मारली, दोन्ही हातांनी ट्रक अडवला आणि सवयीने विकेटकीपरकडे ढकलला. कीपरने बेल्स उडवल्या. बॅट्समन क्रीझबाहेर होता. अपील झालं. अंपायर बराच वेळ विचारात होता.

ॲपवर आकडा: त्रेचाळीस.

नीट समजून घेतलं तर हे यश आहे. ट्रक अजून वेग घेत होता. हिशेबाने शंभर आलाच असता, फक्त माहीमपर्यंत मोकळी जागा हवी होती. शिवाजी पार्क लहान पडलं.

अभयने टाळ्या वाजवल्या. धावत जाऊन ट्रक आणला, रुमालाने पुसला. म्हणाला, भावा, तू हा स्वतः बनवलास? सगळा? मी फक्त मान हलवली. शत्रूशी कमी बोलावं.

२७ एप्रिल, संध्याकाळ

शब्दशः लिहून ठेवतो.

परत आल्यावर प्राची गॅलरीत आली. म्हणाली, मयूर, बुधवारी अक्षय्य तृतीया, संध्याकाळी दादरला हॉलवर यायचं, ट्रक घेऊन. चांगले कपडे घाल. त्या पिशवीसारख्या पँटमध्ये येऊ नको. अंगठ्यांची डबी ट्रकवर ठेवायची, दारापासून स्टेजपर्यंत ट्रक घेऊन येईल, सगळे व्हिडिओ काढतील. फक्त हळू आण रे बाबा.

मी म्हटलं, अंगठ्या?

ती म्हणाली, साखरपुड्याला अंगठ्याच लागतात. आणि आत पळाली.

कोणाचा साखरपुडा ते बोलली नाही. लाजली. दारापासून स्टेजपर्यंत माझा ट्रक. चांगले कपडे मी घालायचे. महिनाभर हळू हळू विचारत होती ते यासाठी. मुलीने स्वतः हॉल ठरवला. जमाना बदलला आहे.

हॉलचा खर्च कोण करतंय हा प्रश्न आला मनात. उत्तरही आलं. बिल्डर. सेक्रेटरीला खूश ठेवायला ते मुलीच्या कार्याचा हॉल देतात. सध्या चालवून घेऊ. लग्नानंतर मी त्याच्याशी बोलेन.

आईला काही सांगितलं नाही. आईला माहीत असणार. सारखी तेच सांगायला येत होती बिचारी आणि मी ऐकलं नाही.

२८ एप्रिल

केस कापले. दादरला जाऊन मोती रंगाचा कुर्ता घेतला.

नानांना म्हटलं, मी आता सेटल होतोय, तुम्ही काळजी करू नका. नाना मॉलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहेत, दिवसभर लोकांच्या पिशव्या तपासतात, चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. पण मला जवळ घेतलं. म्हणाले, कॉलेजचा फॉर्म कधी भरायचा? मी म्हटलं, तेही होईल. आज मी कोणालाही काहीही द्यायला तयार होतो.

२९ एप्रिल

चाळीच्या गेटवर फ्लेक्स लागला. आमच्याकडे बारशापासून दहावीच्या निकालापर्यंत सगळ्याचा फ्लेक्स लागतो, म्हणून बघितलंही नसतं.

प्राची आणि अभय. मधे बदाम. खाली शुभेच्छुक म्हणून चाळीतल्या सगळ्यांची नावं. त्यात माझंही.

३० एप्रिल, सकाळ

झोप नाही.

ट्रक जिन्यावरून फेकायला उचलला. वजन आहे त्याला. खाली ठेवला.

आई दारात उभी होती. म्हणाली, पाडव्यापासून सांगतंय. मी म्हटलं, नीट सांगायला पाहिजे होतंस. तिने डोक्यावरून हात फिरवला आणि नवीन हेअरकट विस्कटला.

जायचं नाही असं ठरवलं. मग जायचं ठरवलं. प्लॅन तयार आहे. डबी ट्रकवर ठेवली की रिमोट पूर्ण दाबायचा. स्टेजकडे नाही. दाराबाहेर, पायऱ्यांवरून, सरळ रस्त्यावर. अंगठ्यांसकट. ताशी शंभर. मग बसा शोधत. त्या दिवशी टॉय म्हणाला होता ना.

१ मे

काल हॉलवर लवकर पोचलो. प्राची तयार होऊन बसली होती. हिरवी साडी. दुसरं काही लिहीत नाही.

ती म्हणाली, आलास. मला वाटलं होतं तू येणार नाहीस.

मी विचारलं, का.

म्हणाली, सम्यकने सांगितलं सकाळी. मला खरंच माहीत नव्हतं, मयूर. आणि मग म्हणाली, अभय ट्रक विकत आणणार होता, रेडीमेड. मीच म्हटलं नको, आमच्या मजल्यावर एक मुलगा बनवतोय. लहानपणापासून बघतेय तुला, पतंग अर्धा, किल्ला अर्धा, कॉलेज अर्धं. हा पूर्ण केलास. मला हाच पाहिजे होता.

मी म्हटलं, गालिचा बघून येतो.

प्लॅन तिथेच संपला. डबी ठेवायच्या आधी ट्रायल घेतली. हळू आणायचा म्हणून रिमोटला नुसतं बोट लावलं. ट्रक उभा. अजून थोडं. उभा, नुसती टिकटिक. अजून केसभर, आणि उडी मारून स्टेजच्या पायावर जाऊन आदळला. समई लावणाऱ्या मावशी बाजूला झाल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. उभा नाहीतर उडी. हळू चालवायला छोटा गिअर लागतो. तो मी बनवलाच नाही. एकदाही नाही. महिनाभर ती एकच गोष्ट विचारत होती.

पाहुणे जमायला लागले. अभयची आई नाकाला पदर लावून लांब उभी होती. शेवंती काकू माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी मी गालिच्यावर मांडी घालून बसलो, स्क्रू काढले आणि तो मोठा पिनियन काढून टाकला. आता मोटरचा आणि चाकांचा संबंध नाही. चाकं मोकळी. समोर कोणीतरी बसून टॉर्च धरला होता. वर बघितलं तर अभय, शेरवानीत, गुडघ्यावर. एकेक स्क्रू तळहातावर घेऊन मोजून परत देत होता. म्हणाला, भावा, टेन्शन नको, लोकांना काय कळतंय. त्याचा राग करायचं माझ्या डोक्यात होतं, पण स्क्रू मोजायचे होते.

गजरेवालीकडून दोरा घेतला. ट्रकच्या बंपरला बांधला.

दारापासून स्टेजपर्यंत मी तो ओढत आणला. वाकून, मागे मागे चालत, मोती रंगाच्या कुर्त्यात. वर फुलं, फुलांत डबी. सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, किती गोड. एका आजींनी मला जवळ बोलावून विचारलं, बाळा, तू मुलाकडचा की मुलीकडचा? मी म्हटलं, मुलीकडचा. प्राचीने डबी उचलली. हसत होती. खरं हसत होती, ते मला कळतं.

मग फोटोग्राफर आला. म्हणाला, पुन्हा एकदा घेऊ, आणि दादा, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेरून ओढा. म्हणून दुसऱ्यांदा पडद्यामागून ओढला. त्याचा व्हिडिओ आज चाळीच्या ग्रुपवर आला आहे. ट्रक आपोआप चालत येतो, एकदम हळू, एकदम सरळ. मी कुठेच नाही. दोरा थोडा दिसतो.

अभयचा मेसेज होता, दोरा एडिटमध्ये काढून टाकतोय.